ठोक्याची हजेरी

हळदीच्या मांडवात नवरदेवाच्या मामाला केवढा अधिकार असतो, हे ज्याने हळदीत वाजवलंय त्यालाच ठाऊक. वरबाप खर्चाच्या काळजीत असतो, नवरदेव हळदीत माखलेला असतो, केटरर भातात अडकलेला असतो. राहता राहिले मामा. सगळं कार्य आपल्याच देखरेखीखाली पार पडतंय अशा चेहऱ्याने ते मांडवभर फिरत असतात आणि शेवटी कुठेच काही चुकलेलं सापडलं नाही, की वाजवणाऱ्यांकडे वळतात.

डोंबिवलीजवळच्या एका हळदीत असेच एक मामा रात्री साडेदहाला माझ्या पॅडसमोर येऊन उभे राहिले. हातात पाण्याची बाटली होती. तिच्यात पाणीच होतं असं धरून चालू. दोन मिनिटं माझ्या काठ्यांकडे रोखून पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, ही हलगी का?"

"हो."

"मग तेलाच्या डब्यासारखी का वाजते?"

एवढं बोलून मामा नाचायला निघून गेले. त्याच डब्यावर तासभर नाचले. पण माझा हात त्या रात्री जो गेला, तो गेलाच. आठवडाभर पतपेढीत बसून मी पासबुकं भरतो आणि शनिवार-रविवार हळदीत वाजवतो. या दोन आयुष्यांतल्या एकातच मला थोडी इज्जत आहे, आणि मामांनी नेमक्या त्याच आयुष्यात येऊन बाटली हलवली होती.

खरं सांगायचं तर मामांचं बरोबर होतं. माझ्याकडची हलगी आली होती एका पेन ड्राइव्हमधून. '५०० अस्सल देशी टोन' असं त्यावर मार्करने लिहिलेलं होतं. आत हलगी १ ते हलगी १४ अशा फायली होत्या. पहिली ऐकली की पुढच्या तेरा ऐकल्याच. फक्त प्रत्येकीत घुमारा थोडा वाढवलेला, म्हणजे चौदावी हलगी ही पहिलीच हलगी, पण बोगद्यात. पुढे 'संबळ नवीन', त्याच्या खाली 'संबळ नवीन (जुना)'. एका फायलीचं नाव होतं 'ढोलकी लावणी गोड' आणि ती उघडली की कुणीतरी प्लास्टिकच्या बादलीवर प्रामाणिकपणे थाप मारत होतं. मी विकणाऱ्याला दोष देत नाही. ५०० टोन म्हटल्यावर ४८६ तरी कुठूनतरी आणावेच लागतात.

ज्यांचा या यंत्राशी संबंध फक्त वरातीपुरता येतो, त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑक्टापॅड म्हणजे रबरी चौकोनांची एक पाटी. चौकोनावर काठी मारली की स्पीकरमधून ठरवलेला आवाज येतो. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली 'पॅड-८' नावाने हे यंत्र काढलं. आठ चौकोन म्हणून ऑक्टा. माझ्या यंत्रावर नऊ आहेत, तरी त्याला ऑक्टापॅडच म्हणतात. वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्याला डालडा म्हणणाऱ्या लोकांकडून वेगळी अपेक्षा करू नये. गंमत म्हणजे त्या पहिल्या पॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. कुणी काठी मारली, कुठे मारली, किती जोरात मारली, एवढाच निरोप ते वायरीतून दुसऱ्या यंत्राला द्यायचं आणि वाजायचं ते दुसरं यंत्र. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची कामाची पद्धत हीच.

त्याच्या आधी पाच वर्षं, १९८० साली, अमेरिकेत रॉजर लिन या गिटारवाल्याने एलएम-१ नावाचं यंत्र आणलं होतं. खऱ्या ड्रमचे ठोके मुद्रित करून चिपमध्ये भरायचे आणि बटण दाबलं की तेच परत वाजवायचे, हा प्रकार ड्रम मशीनमध्ये पहिल्यांदा त्याने केला. त्यात ढोल होता, टाळ्या होत्या, पण ड्रमवाले जिला क्रॅश म्हणतात ती मोठी झांज नव्हती. झांज एकदा मारली की बराच वेळ घुमत बसते, आणि तेवढा वेळ साठवायला लागणारी मेमरी तेव्हा फार महाग होती. हे वाचून मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्या भजनी मंडळातही सगळं होतं. झांजा तेवढ्या दर एकादशीला वरच्या आळीतून मागून आणाव्या लागत.

आता मेमरी स्वस्त झाली आहे. संगणक आवाज ऐकत नाही, मोजतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो, आणि दर वेळी त्या क्षणी आवाज ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर उभा आहे ते लिहून ठेवतो. आमच्या पतपेढीत वर्षातून एकदा ऑडिटर येतो, तरी मॅनेजरसाहेबांना आठवडाभर जेवण जात नाही. इथे सेकंदाला ४४,१०० ऑडिट. एवढं करून अर्ध्या सेकंदाच्या ठोक्याची फाइल होते साधारण ४४ किलोबाइटची. माझे एक काका रोज पहाटे पाचला शुभ सकाळचा जो गुलाब पाठवतात, त्याची एक पाकळीसुद्धा तेवढ्यात बसणार नाही.

तेव्हा ठरवलं, आपली हलगी आपण भरायची. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला : धारिष्ट्य, किंवा उद्धटपणा. दोन्ही माझ्याकडे होतं. माइक भावाच्या मुलाकडून आणला आणि हलगी ओळखीच्या तालमीतून.

हलगी तापवावी लागते हे मला ऐकून माहीत होतं. कातडं गार असलं की ढप्प वाजतं. शेकलं की ताणतं आणि मग त्यातून तो चट्टदिशी आवाज निघतो, जो दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसाला उठवून बसवतो. गावाकडे पाचोळा पेटवून शेकतात. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर पाचोळा पेटवला तर सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते, म्हणून मी फुलक्याची जाळी गॅसवर ठेवली आणि हलगी वर धरून फिरवू लागलो.

"अहो," बायको म्हणाली, "फुगली की सांगा. तूप लावून देते."

हलगी तापली. आता हवी होती शांतता. फार नको, एका ठोक्यापुरती. एक सेकंद म्हणजे चैन. शांतता ही वस्तू आपल्या घरात नाही, हे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळणं बरं नव्हे. सकाळी कुकर. कुकर थांबला की लिफ्ट, जिच्यातली बाई दार उघडं राहिलं की ते बंद करण्याची विनंती करत राहते आणि जिची विनंती या इमारतीत आजवर कुणीही मानलेली नाही. लिफ्ट थांबली की भंगारवाला. दुपारी वरच्या मजल्यावर कुणीतरी गोट्या खेळतं. तिथे दोघेच राहतात, दोघेही निवृत्त आहेत, आणि गोट्यांबद्दल विचारलं की दोघेही दुखावतात. रात्री अकरानंतर जरा सामसूम होते. पण रात्री अकरानंतर हलगी वाजवायची तर पोलिसांनाच माइक धरायला बोलवावं लागेल.

शेवटी गोधड्यांच्या कपाटात बसलो. हलगी पोटाशी, माइक गुडघ्यात, नाकावर आजीची गोधडी. वीस ठोके मारले. त्यातल्या सोळांमध्ये कुकर, लिफ्ट, गोट्या यांपैकी कुणी ना कुणी होतं. दोनांत मी खोकलो होतो. एकात बायको बाहेरून विचारत होती, "आत आहात ना?"

सॉफ्टवेअरमध्ये यावरही उपाय आहे. आधी त्याला नुसती खरखर ऐकवायची, म्हणजे हलगी नसतानाचा खोलीचा आवाज. तो ओळखून ते पुढच्या मुद्रणातून तेवढाच वजा करतं. मी घरातली शांतता दहा सेकंद मुद्रित केली आणि हेडफोन लावून ऐकली. तीस वर्षं ज्या घरात राहतोय त्याची शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पंखा होता. फ्रिज मंद्र सप्तकात षड्ज लावून बसला होता. शेजारच्या मालिकेतली सासू होती. फार लांब एक रेल्वेची घोषणा होती, आणि ती गाडी नेहमीप्रमाणे उशिराच येत होती. हे सगळं वजा करायला मी पट्टी शेवटपर्यंत ओढली. पंखा गेला, फ्रिज गेला, सासू गेली, आणि त्यांच्याबरोबर हलगीचा जीवही गेला. उरलेली हलगी विहिरीत पडल्यासारखी वाजत होती.

पट्टी मागे आणून एक-दोन ठोके वाचवले. बरे होते. पण हेडफोन काढल्यावर मनाशी कबूल करावं लागलं की आवाज हलगीचा असला तरी ठोका पासबुक भरणाऱ्याचा आहे. कातडं तापलं होतं. मनगट तापायला वीस-तीस वर्षं लागतात आणि त्याला फुलक्याची जाळी चालत नाही.

माझ्या मेव्हण्याचं गाव कराडच्या पुढे. तिथे एक आबा आहेत. बेंदराच्या बैलांपुढे, जत्रेत, कुस्तीच्या फडात, कुठेही हलगी म्हटलं की आबाच. माघातल्या एका रविवारी लॅपटॉप, माइक आणि मेव्हण्याला घेऊन मी त्यांच्या गोठ्यात दाखल झालो. गोठा मीच निवडला. तिन्ही बाजूंना कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. आवाज पिऊन टाकायला याहून चांगलं काही नाही. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना फोमचे पत्रे ठोकून हेच करतात, फक्त तो फोम नंतर म्हशीला घालता येत नाही.

आबांनी पाचोळा पेटवला, हलगी शेकली, बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्यात लांब बारीक काडी. "कंचा बाज वाजवू? फडाचा का जत्रंचा?"

"आबा, बाज नको. एकच ठोका."

आबांनी मेव्हण्याकडे पाहिलं. पाव्हण्याची तब्येत बरी आहे ना, असं ते पाहणं होतं.

"एकच कसा मारायचा ओ? एकच पाय टाकून कुणी चालतंय व्हय?"

मी समजावलं. एक ठोका, मग थांबायचं, आवाज पुरता विरेपर्यंत हलायचं नाही, मग दुसरा. आबांनी मान हलवली, टिपरू उचललं, मारलं. गोठा दणाणला. आणि लगेच डाव्या हातातली काडी आपल्या आपण तीनदा वाजली. आबा ओशाळले. "उजवा बोलला की डावा उत्तर देतोयच. लई वर्सांची सवय हाय त्याला." शेवटी डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. पन्नास वर्षं हलगी वाजवलेल्या माणसाला मी एका हातावर बसवून ठेवलंय, हे तेव्हा मला विशेष खटकलं नाही. मी पातळी बघत होतो. लाल दिव्यापर्यंत जाता कामा नये.

जोरातला ठोका मिळाला. आता मला हळू हवा होता. पॅडवर हळू मारलं तर हळू मारल्याचाच आवाज यायला हवा. जोरातला ठोका नुसता बारीक करून चालत नाही. हळू मारलेल्या कातड्याचा रंगच निराळा असतो. "आबा, आता जरा हळू."

मारला.

"आणखी हळू."

मारला.

"अगदी हळू, आबा. झोपलेलं पोर उठणार नाही असा."

आबांनी टिपरू खाली ठेवलं. "पाव्हणं, हळू हलगी म्हंजे कुजबुजत दवंडी. मग ती द्यायचीच कशापायी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरकडेही नव्हतं. तरी माझ्या शब्दाखातर त्यांनी कुजबुजत दवंडी दिली. खरा घोटाळा पुढे झाला. एकच ठोका पॅडवरून लागोपाठ वाजवला तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं, कारण कान फार संशयी असतो. दोनदा तंतोतंत तेच ऐकलं की त्याला खोटेपणा कळतो. म्हणून एकाच जोराचे निरनिराळे ठोके भरून ठेवतात आणि ते आळीपाळीने वाजवतात. हे मी आबांना असं सांगितलं : "आता आठ ठोके मारा. सगळे सारखे."

आबांनी आठ मारले. काय सारखे! आठ जुळे भाऊ.

"आबा, सारखेच, पण थोडे वेगळे."

"सारखं मारू का येगळं मारू?"

"सारखंच. पण मुद्दाम सारखं नको."

आबा बराच वेळ हलगीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या मास्तरानं शाळंत असंच काय तरी इचारलं व्हतं. त्या दिवशी शाळा सोडली."

दुपारपर्यंत ९६ ठोके झाले. मधल्या वेळात आबांना हेडफोन लावून त्यांचाच ठोका ऐकवला आणि पॅडच्या एका चौकोनावर चढवून दाखवला. त्यांनी बोटाने चौकोन दाबला, हलगी वाजली. पुन्हा दाबला. "म्हंजे आता ह्यो तुमच्यासंगं डोंबिवलीला येणार?"

"हो."

"आनि हळदीत वाजणार?"

"दर शनिवारी."

"म्हंजे मी हितं च्या पीत बसणार आनि माझा ठोका तिकडं कामाला." आबा हसले. मग हसू जरा आवरून म्हणाले, "त्येची हजेरी कोन लिवतं?"

दिवसभराची बिदागी म्हणून मी दोन हजार रुपये काढून ठेवले होते. ते पाकीट खिशात एकदम हलकं वाटायला लागलं. मी हिशेबाचा माणूस आहे. एका हळदीत हलगीचा चौकोन किती वेळा वाजतो हे मी मनात मांडायला गेलो आणि दोन गाण्यांनंतर थांबलो, कारण ठोक्यामागे पडणारा दर एका रुपयाच्याही खाली चालला होता. या हलगीने दवंडी दिली, बैल मिरवले, पैलवान झुंजवले, मयताच्या पुढे चालली. गावातल्या प्रत्येक गोष्टीत हलगी सगळ्यांत पुढे, आणि हलगी वाजवणारा पंगतीत सगळ्यांत मागे, उंबऱ्याच्या बाहेर. आवाज हवा पण माणूस नको, ही सोय आमच्याकडे सॉफ्टवेअर यायच्या फार आधीपासून होती. मी फक्त ती ४४ किलोबाइटमध्ये बसवली. शेवटी मेव्हण्याच्या साक्षीने ठरलं : पाकीट आजचं, आणि पुढे दर हळदीमागे दोनशे रुपये, आबांच्या नातवाच्या फोनवर. असा करार या धंद्यात कुणी करत नाही असं आमचा कीबोर्डवाला नंतर म्हणाला. त्याच्या कीबोर्डमध्ये सनई आहे, बासरी आहे, सारंगी आहे. तो तसं म्हणणारच.

घरी आल्यावर कापाकापी सुरू झाली. मुद्रित केलेला ठोका पडद्यावर मासळीसारखा दिसतो : डोकं जाड, शेपटी निमुळती. डोक्याच्या आधीची शांतता काढून टाकायची असते. ती पंधरा-वीस मिलिसेकंद जरी राहिली, तरी काठी पॅडवर पडल्यावर आवाज जरा मागून आल्यासारखा वाटतो आणि वाजवणारा सगळी रात्र स्वतःच्याच मागे धावतो. ती काढताना हात जास्त चालला, तर ठोक्याचं नाकच उडतं. तो पहिला चट् जातो आणि मागे उरतो नुसता ढप्प. शिवाय कापायचं ते लाट शून्याच्या रेषेवर असतानाच, नाहीतर कापलेल्या जागी टक् वाजतं. मासळी साफ करणाऱ्या बाईचा हात आणि सोनाराचा चष्मा, दोन्ही लागतं. रोज रात्री पाच-सहा ठोके व्हायचे. बायको झोपेतून विचारायची, "किती राहिले?" दहावीच्या परीक्षकाच्या बायकोने पेपरांबद्दल विचारावं तसं.

फायलींना नावं देताना सुरुवातीला मी शिस्तीत होतो : हलगी जोरात १, हलगी जोरात २. आठवडाभरात ती 'हलगी जोरात ३ खरी', 'हलगी जोरात ३ खरी नवीन', 'हीच घ्यायची', 'ही नको ती घ्यायची' इथपर्यंत आली. त्या दिवशी पेन ड्राइव्हवाल्याला मी मनोमन माफ केलं. 'संबळ नवीन (जुना)' या नावामागे एक माणूस रात्री दीड वाजता एकटा बसला होता, हे मला आता दिसत होतं.

त्याचं आणखी एक गुपित मला याच काळात कळलं. सॉफ्टवेअरमध्ये ठोक्याची पट्टी खाली ओढली की हलगीचा ढोल होतो, वर ओढली की डिमडी होते. म्हणजे एका हलगीत अख्खा जागरण-गोंधळ उरकता येतो. ढोलकीला मात्र हे सोसत नाही. तबला, पखवाज, ढोलकी ही शाईची वाद्यं. त्यांना स्वर असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं होतं : साध्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी फटकून असतात, पण मधल्या शाईच्या वजनामुळे ते सुरात येऊन बसतात. म्हणून गायिकेने काळी चार सांगितली की ढोलकी काळी चारच हवी, आणि भरलेली ढोलकी तिथवर ओढत नेली की ती सर्दी झाल्यासारखी बोलते. हलगीला शाई नाही. ती कुणाच्याच पट्टीत नाही. आमच्या ग्रुपमध्ये गायिकेला न भिणारं तेवढं एकच वाद्य आहे.

९६ ठोके साफ झाले आणि मी यंत्र लॅपटॉपला जोडलं. भरायला बसलो, तेव्हा माहितीपुस्तिकेचं ते पान उघडलं, जे माघात उघडायला हवं होतं. माझ्या यंत्रात एका चौकोनावर दोनच आवाज बसतात. हळू मारलं तर एक, जोरात मारलं तर दुसरा. बस. आठ-आठ जुळे भाऊ, बारा प्रकारचे जोर, कुजबुजत दवंडी, ही चैन संगणकावर वाजवणाऱ्यांची. मी आबांना सकाळपासून दुपारपर्यंत हातावर बसवलं होतं ते दोन ठोक्यांसाठी. बायकोला हे सांगितलं नाही. तिने मग विचारलंही नाही; माझ्या तोंडावर कुठली पाटी लागली आहे हे तिला तीस वर्षं वाचता येतंच. शेवटी तीन चौकोन हलगीला दिले, म्हणजे सहा ठोके तरी बसले. बाकी नव्वद लॅपटॉपमध्ये पेन्शनवर आहेत.

फाल्गुनात पुन्हा हळद आली. त्याच घरातल्या धाकट्या भावाची, त्यामुळे तेच मामा. बाटलीही तीच असावी. मी वाटच बघत होतो. गायकाने इशारा केला, मी हलगी उघडली आणि आबांचा ठोका मांडवात पडला. आचारी बाहेर आला. खुर्चीवर पेंगत बसलेल्या एक आजीबाई ताठ झाल्या आणि कोण आलं ते बघायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला, निदान हातावर तरी. दोन गाणी झाल्यावर मामा पॅडसमोर येऊन उभे राहिले. मी काठ्या टेकवून नम्रपणे थांबलो.

"मास्तर, मागच्या टायमाला हलगी होती ना तुमच्याकडे, ती लावा की."

"मामा, ती तेलाच्या डब्यासारखी वाजत होती. तुम्हीच म्हणालात."

"वाजत होती. पण मजा यायची. ही काय," मामांनी बाटलीने स्पीकरकडे बोट केलं, "ही तर गावात वाजते तशीच वाजते."

हलगी १४ लावली. बोगद्यातली. मामा तासभर नाचले.

चैत्रात गावच्या यात्रेला गेलो, तेव्हा आबांना ठोके ऐकवायचं कबूल केलेलं होतं. हळदीची गोष्ट सांगितली नाही. दोनशे रुपये मात्र वेळेवर गेले होते, अगदी बोगदा वाजवलेल्या रात्रीचेही. आबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि एकेक ठोका वाजवला. आबा टीकाकारासारखे ऐकत होते. "ह्यो बरा. ह्यो गार हाय. ह्यो बी गार. तवा पाचोळा वलसर हुता." चौथा ठोका माझ्या मते सगळ्यांत देखणा, लांबलचक शेपटीचा, म्हणून तो मी मुळातून तसाच ठेवला होता, खरखर वजा न करता.

आबा थांबले. "परत लावा."

लावला.

"परत."

आता मला काळजी वाटायला लागली. ठोका कुठे फाटला होता का? आबांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "शेवटाला ऐका. ठोका सरल्यावर."

आवाज वाढवून ऐकलं. ठोका विरत गेला, कडब्यात जिरला, आणि अगदी शेवटी, जिथे मी रोज रात्री शून्याची रेषा शोधत होतो तिथे, लांबून, बारीक : बेंऽऽ.

"आमची शेळी हाय ती," आबा म्हणाले. "बांडी. माझी हलगी ऐकली की वरडायची. गेल्या बाजारी इकली."

मी म्हटलं, काढून टाकता येईल. दोन मिनिटांचं काम आहे.

"कशाला काडता? ऱ्हाऊ द्या." त्यांनी हेडफोन परत स्वतःच्या कानांवर घेतला आणि खूण केली. मी पुन्हा लावला. मेव्हणा चहा घेऊन आला तरी आबांचं ऐकणं चालूच होतं. शेवटी त्यांनी हेडफोन काढून नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"माझं दोनशे ठरलंय."

"हो, आबा."

"मग," गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्याकडे बघत आबांनी विचारलं, "हिचं किती लावताय?"